कुसुमताईंनी उघडलेली खोली

फोन आला तेव्हा मधली सुट्टी संपत आली होती. पडद्यावर अक्षयचं नाव दिसलं. अक्षय म्हणजे कुसुमताईंचा भाचा, सांगलीच्या भावाचा मुलगा. तो मला सहसा फोन करत नाही, म्हणून लगेच उचलला. “मावशी, आत्या गेली... पहाटे, झोपेतच,” तो म्हणाला. मी “बरं” म्हणाले. घंटा झाली, नववीच्या वर्गावर गेले, कविता शिकवली. तास संपल्यावर शिक्षकखोलीत येऊन खुर्चीवर बसले आणि मग मला कळलं की काय झालंय.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. कुसुम चौगुले आमच्या शाळेत गणित शिकवायच्या आणि मी मराठी. वडूजजवळची आमची ही शाळा साधी, पत्र्याच्या वर्गांची. त्या मूळच्या सांगलीकडच्या, हळद पिकवणाऱ्या जैन घरातल्या. नवरा लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. आठवडाभर वडूजला दोन खोल्या घेऊन राहायच्या आणि शनिवारी शाळा सुटली की विट्यावरून सांगलीची एसटी धरायच्या. दिवस मावळायच्या आत जेवायचं हा त्यांचा नेम होता. संध्याकाळी शाळेत काम लांबलं की हातातलं सगळं बाजूला ठेवून त्या खिडकीपाशी बसायच्या, डबा उघडायच्या आणि अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवून म्हणायच्या, “खा गं, तुला सूर्याचा नेम न्हाई म्हणून काय भूक लागत न्हाई व्हय?”

साताऱ्यातल्या एका कारखान्याने आपल्या ऑफिसचे जुने संगणक शाळेला दिले होते. दहा-बारा असतील. ते आले तेव्हा हार घातले, फोटो काढले, आणि मग त्यांच्यावर कापडी खोळी चढल्या त्या चढल्याच. खोलीला कुलूप लागलं. दसऱ्याला कुलूप निघायचं, संगणकांना हळदीकुंकू लागायचं, पुन्हा कुलूप. मुलं खिडकीच्या गजांना नाक लावून आत बघायची. पुढे मुख्याध्यापकांनी ठरवलं की पोषण आहाराच्या तांदळाची पोती आता तिथे ठेवायची, दुसरीकडे उंदीर फार झालेत. कुसुमताई त्यांच्याकडे गेल्या. मी सोबत होते. “सर, पोरांना प्रोग्रॅम लिहायला शिकवते मी. खोली द्या,” त्या म्हणाल्या. सर म्हणाले, “मॅडम, मशिनं मोडली तर?” “वापरून मोडली तर मोडू देत की. नुसती ठेवून मोडायलीत ती.” सरांनी दिवाळीपर्यंतची मुदत दिली. बाहेर आल्यावर मी विचारलं, “ताई, तुम्हाला येतं हे?” त्या हसल्या. “थोडं. राहिलेलं येईल.”

खरं तर त्यांनीही एक उन्हाळी प्रशिक्षण तेवढं केलं होतं. शाळेत इंटरनेट नव्हतं, म्हणून त्यांनी सांगलीहून अक्षयकडून पायथॉन ही प्रोग्रॅम लिहायची भाषा पेनड्राइव्हवर आणली. सोमवारी शाळा सुटल्यावर आम्ही दोघी त्या खोलीत शिरलो. धूळ, पालीची अंडी, आणि खोळींना कुबट वास. त्यांनी पहिल्या मशीनला पेनड्राइव्ह लावला, आणि मशीनने सरळ नकार दिला. दुसऱ्यानेही. सगळ्यांनीच. अक्षयला फोन लावला तर तो म्हणाला, “आत्या, मी नवं दिलंय, तुमची मशिनं जुनी. त्यावर विंडोज कुठलं हाय ते बघून सांग, मग त्याला चालणारं जुनं देतो.” आता हे कुठे बघायचं, तेही त्याने फोनवरच सांगितलं. पुढच्या सोमवारी त्या दुसरा पेनड्राइव्ह घेऊन आल्या. आठवडाभर रोज थोडी थोडी मशिनं झाली. मध्येच वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. एकदा मी कंटाळून म्हटलं, “राहू दे ना ताई, चार झालीत, तेवढ्यावर शिकवा.” त्या म्हणाल्या, “मग बाकीच्या पोरांनी काय, खिडकीतनंच बघायचं?” शेवटच्या मशीनच्या पडद्यावर जेव्हा ती पांढरी चौकट उघडली, त्यात त्यांनी दोन अधिक दोन लिहून बटण दाबलं आणि खाली चार आलं, तेव्हा गणिताच्या या बाई अशा काही हरखल्या, की जणू हे उत्तर त्यांना आजच कळलं होतं...

मुलं आली आणि नवी अडचण उभी राहिली. काही चुकलं की पडद्यावर इंग्रजीत लाल अक्षरं यायची. लाल शाई म्हणजे नापास, एवढंच मुलांना ठाऊक. मुली तर हात मागे घेऊन बसायच्या. “बाई, ते वराडतंय ओ.” कुसुमताई शेजारी बसायच्या. “वराडत न्हाई बाळा. कुठं अडलंय ते सांगतंय. खालची ओळ आधी वाच.” एक दिवस त्या माझ्याकडे आल्या. “वैशाली, तुझं अक्षर चांगलं हाय. आणि मराठी तर तुझंच. ह्या लाल ओळींचं मराठी कर.” मी संगणकाला हात लावायला भिणारी बाई. पण वाक्य म्हटलं की मला थांबवत नाही. ‘नेम इज नॉट डिफाइन्ड’ याचं मी केलं, ‘हे नाव मला अजून कुणी सांगितलेलं नाही.’ कुसुमताईंनी ते दोनदा वाचलं. “एवढं साधं म्हणत असतंय व्हय ते?” मग आम्ही असा एक मोठा तक्ताच करून भिंतीवर लावला. मुलं चुकायची, तक्त्याकडे बघायची, हसायची आणि पुन्हा बोटं चालवायची. आमची मैत्री खरी त्या तक्त्यावर झाली असं मला आज वाटतं.

दिवाळी जवळ आली. एक दिवस आठवीतल्या सानिकाचे आजोबा तणतणत शाळेत आले. मिलिटरीतून रिटायर झालेले, शाळेच्या समितीवर होते, त्यांना सगळे आबा म्हणत. “पोरगी शाळेत खेळ खेळती म्हणं मशीनवर. ह्यासाठी धाडतो व्हय आमी?” कुसुमताईंनी त्यांना खुर्ची दिली. “बसा आबा. काय खेळती ते तिलाच विचारा.” सानिकाने त्यांच्या विहिरीचा प्रोग्रॅम केला होता. चार भावांत एक विहीर, पाणी पाळीने. आज कोणाची पाळी हे मशीनने सांगायचं. तिने बटण दाबलं. नाव आलं ते थोरल्याचं. आबा म्हणाले, “चूक. आज धाकल्याची हाय. सकाळी मीच मोटर चालू करून आलोय.” मुख्याध्यापक दारात उभे होते. मला वाटलं, झालं, आता तांदळाची पोती आली. पण कुसुमताई खूश. “बघ सानिका, आबांनी चूक धरली. आता कुठं हाय ती शोधू.” दोघी ओळीन् ओळ वाचू लागल्या. आबाही पुढे वाकून बघू लागले. हिशेब बरोबर होता. मग सानिकानेच कोपऱ्यातली तारीख पाहिली. ती कित्येक वर्षांपूर्वीची होती. मशीनच्या आतला बारका सेल संपला होता आणि बंद केलं की ते जुन्या काळात जात होतं. तिने तारीख नीट केली, बटण दाबलं, धाकट्याचं नाव आलं. आबांनी वाकून ती तारीख पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाले, “सेल कसला लागतो ओ बाई ह्याला?” दुसऱ्या दिवशी ते वडूजच्या घड्याळवाल्याकडून सगळ्या मशीनचे सेल घेऊन आले आणि सरांना म्हणाले, “पोती माझ्या पडवीत ठेवा. ह्या खोलीला हात लावायचा न्हाई.”

त्यानंतर कुसुमताई निवृत्त होईपर्यंत त्या खोलीला दिवसा कुलूप लागलं नाही. सानिका आता साताऱ्यात कॉलेजला आहे. निवृत्तीनंतर ताई सांगलीला भावाकडे गेल्या. दिवाळीत मी भेटायला गेले तेव्हा थकलेल्या दिसल्या. जिना चढताना थांबत होत्या. माझ्या हातात हळदीची पुडी देत विचारलं, “मशिनं चालू हायत न्हवं?” मी म्हटलं, “चालू आहेत, दोन गेली.” “दोनच? बरं हाय की.” तीच शेवटची भेट.

मागच्या आठवड्यात बदली तास म्हणून मी आठवीला घेऊन त्या खोलीत गेले. ही मुलं कुसुमताईंच्या हाताखाली कधी आली नाहीत. एका मुलीचं काहीतरी चुकलं, लाल अक्षरं आली. मी जवळ गेले तर ती शेजारणीला सांगत होती, “कुसुम म्हणतीय, चौथ्या ओळीत बघ.” मी विचारलं, “कोण म्हणतंय?” तिने पडद्यावर बोट ठेवलं. चूक कुठल्या फाइलमध्ये आहे त्याचा लांबलचक पत्ता मशीन आधी दाखवतं. त्या पत्त्याच्या मधोमध इंग्रजीत लिहिलं होतं, कुसुम. मशीन तयार करताना त्याने वापरणाऱ्याचं नाव विचारलं असेल, ताईंनी आपलं टाकलं असेल. सगळ्याच मशीनवर.

“ही कुसुम चुकल्यावरच येती, बाई,” ती मुलगी म्हणाली. तिने राहिलेला कंस घातला, बटण दाबलं, उत्तर आलं. लाल अक्षरं वर सरकून दिसेनाशी झाली. मी तिच्या पाठीमागे तशीच उभी राहिले. मला वाटलं... हिनं अजून एकदा चुकावं.