साहेबांच्या टाकीतलं शेवाळ

"कूलिंग टॉवर में जो डालते हो, वही डाल दो," जीएम साहेब म्हणाले.

मी नाही म्हटलं. कूलिंग टॉवरमध्ये शेवाळ मारायला आम्ही मोरचूद टाकायचो. मोरचुदात तांबं असतं. साहेबांच्या बंगल्यातली टाकी खाऱ्या पाण्याची, त्यात समुद्रातले मासे आणि जिवंत कोरल. तांब्यानं शेवाळाआधी कोरलच मेलं असतं.

कारगिलची लढाई चालू होती. आमच्या लष्करी मालाच्या फॅक्टरीत ओव्हरटाइम, लॅबमध्ये सॅम्पलांचा ढीग. मी तिथली केमिस्ट. रांझीच्या क्वार्टरमध्ये नुसती झोपायला जायची. त्यात आता साहेबांचे मासे. जीव विटून गेला होता माझा.

टाकीत हिरवं, केसांसारखं शेवाळ माजलं होतं. दगडांना काचेसारखे पारदर्शक, फुलासारखे दिसणारे जीव चिकटलेले. ते कोरलला डंख मारतात आणि खरवडले तर तुकड्यातुकड्यातून पुन्हा उगवतात. त्यांच्या तोंडात सुईनं दाट चुन्याचं पाणी सोडलं, ते मेले. शेवाळ मात्र उपटलं की पुन्हा हजर.

शेवाळ नायट्रेट आणि फॉस्फेटवर जगतं. म्हणजे सडलेलं अन्न, घाण. पाणी तपासलं तर दोन्ही भरपूर. पण साहेब माशांना बेतानंच खायला देत. आणखी एक गोष्ट जुळेना. टाकीतलं पाणी उडतं, मीठ उडत नाही. म्हणून वरून आमच्या लॅबचं डिस्टिल्ड वॉटर घालायचं, की हिशेब बरोबर राहतो. इथं मीठ कमी होऊन राहिलं होतं. म्हणजे कोणीतरी खारं पाणी काढून गोडं ओतत होतं.

फिल्टरचा स्पंज पिळला, तर झेंडूची पाकळी निघाली. ग्वारीघाटावर लोक नर्मदेला हीच फुलं वाहतात.

"कोई छेड़ रहा है तो बताइए," साहेब म्हणाले. "आज ही बंगले से निकालूँगा."

बंगल्यावर दुबेजी होते, म्हातारे चपराशी. साहेब आत गेल्यावर मी त्यांना विचारलं, "दुबेजी, ग्वारीघाट का पानी डालते हो?"

ते म्हणाले, "बेटा कारगिल में है, मैडमजी. मन्नत मानी है, उसके लौटने तक नर्मदा मइया को रोज समुंदर पहुँचाऊँगा. असली समुंदर तक मैं कैसे जाऊँ? यही तो है अपने पास."

घाटावरचं पाणी, त्यात फुलं, कणकेचे दिवे, साबण. शेवाळाची तर मेजवानीच होती.

मला राग आला. काहून हे सगळं माझ्याच वाट्याला, असं झालं. नाव सांगितलं तर म्हाताऱ्याची नोकरी जाणार, गप्प बसले तर टाकी जाणार. आणि मन्नत तोडा म्हणायची माझी छाती नव्हती.

"बोतल मुझे दिया करो," मी म्हटलं. "लॅब में उबालकर उसकी भाप का पानी बना दूँगी. टंकी में वही डालना, मेरे बताए जितना."

"भाप में मइया रहेंगी न?"

"रहेंगी."

साहेबांना सांगितलं, दोष पाण्याचा होता, आता फक्त लॅबचंच पाणी जाईल. त्यात खोटं काही नव्हतं. उरलेलं शेवाळ हातानं उपटलं, टाकीवरचे दिवे कमी वेळ लावले, थोडं थोडं खारं पाणी बदललं. पावसाळा सरता सरता टाकी साफ झाली.

दुबेजींचा मुलगा कुबडी घेऊन आला, पण आला. दुबेजी त्याला घेऊन फॅक्टरीच्या गेटवर उभे होते. रिकामी बाटली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "पहुँच गईं मइया."

टाकीत शेवाळ आलं की आधी पाण्यातून काय येतंय ते बघायचं, औषध नंतर. एवढं मी कोणालाही सांगते. डिस्टिल्ड वॉटरमध्ये काय उरतं असं कोणी विचारलं, तर मात्र मी आजकाल लगेच उत्तर देत नाही.