विटकरी डबा

गिरिधरराव म्हणजे आमच्या जालन्यातले अत्यंत सज्जन आणि अत्यंत वैताग आणणारे गृहस्थ. भूमी अभिलेख खात्यात नकाशे काढण्यात हयात गेली, त्यामुळं माणूस घरातही फूटपट्टी घेऊनच वावरायचा. भिंतीवर कॅलेंडर टांगायचं तरी आधी भिंतीचा मध्य काढायचा, मग खिळा. खिळा ठोकून झाला की दोन पावलं मागं सरायचं आणि बायकोला विचारायचं, "बराबर?" रमाबाई "बराबर" म्हणाल्या की विषय संपला. शेजारी म्हणून मी काही सुचवलं, तर माझ्याकडं ढुंकूनही बघायचे नाहीत.

रमाबाईंची नजर होतीही तशीच. साडीवर ब्लाउजपीस घ्यायचा असला की गल्लीतल्या बायका त्यांना बाजारात ओढून न्यायच्या. दुकानदार त्यांना वचकून असत. मूलबाळ नव्हतं, पण दोघांचं छान चाललं होतं. दिवसभर एकमेकांशी बोलत असायचे. इतकं काय बोलायचे, मला कधी कळलं नाही.

सत्त्याण्णव साली गिरिधरराव निवृत्त झाले आणि त्याच साली रमाबाईंना काचबिंदू निघाला. औरंगाबादच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, की गेलेली नजर परत यायची नाही. उरलेली थेंबांवर जितकी टिकेल तितकी खरी. परत येताना गाडीत रमाबाई म्हणाल्या, "ती आपली लहान गाडी एकदा पुन्हा बघायला पाह्यजे होती." त्यांचे वडील परतूरकडच्या एका स्टेशनवर मास्तर होते. मीटर गेजच्या त्या गाडीनं रमाबाई जालन्याला शाळेत यायच्या. आता रूळ रुंद झाले होते आणि ती गाडी कायमची गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरिधरराव माझ्या दारात उभे. म्हणाले, "नरहरराव, तिचे डोळे जायच्या आत तिला त्या गाडीचा छोटा डबा करून दाखवायचाय. जल्दी करायला पाह्यजे." जल्दी हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला.

डबा झाला मात्र सुंदर. फुटाला पाव इंच असं माप धरून पुठ्ठा आणि सागाच्या बारीक पट्ट्यांचा केलेला. पायऱ्या, दांडे, दरवाजांच्या कड्या, सगळं जिथल्या तिथं. मग त्या गाडीच्या विटकरी रंगाचं घोडं अडलं. पहिल्यांदा त्यांनी दारं रंगवायचा ऑइल पेंट आणला. तो इतका जाड बसला की पट्ट्यांमधल्या फटी बुजल्या. दोन दिवस वाळेना आणि टर्पेंटाइनच्या वासानं रमाबाईंचं डोकं उठलं. गिरिधररावांनी तो सगळा खरवडून काढला. पुढच्या तपासणीला औरंगाबादला गेले, तेव्हा गुलमंडीवर चित्रांच्या सामानाच्या दुकानात त्यांना ॲक्रिलिकच्या बाटल्या मिळाल्या. पाण्यात कालवायचा, वास नाही, अर्ध्या तासात वाळतो. आठवडाभर मला त्याशिवाय दुसरं काही ऐकायला मिळालं नाही. दुधाइतका पातळ करायचा, कुंचला मऊ आणि चपटा हवा, एकदा फिरवला की ओल्यावर परत फिरवायचा नाही, थर वाळला की मगच पुढचा. आमच्याकडच्या उन्हात रंग कुंचल्यावरच सुकायचा, म्हणून ताटलीत ओलं फडकं, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग, अशी युक्तीही त्यांनी शोधून काढली.

रोज सकाळी ते ओसरीत टेबलाशी बसायचे आणि समोर खुर्चीवर रमाबाई. थर द्यायचा, वाळू द्यायचा, मग डबा रमाबाईंच्या पुढ्यात ठेवून विचारायचं, "बराबर?"

"थोडा गडद वाटून राह्यलाय," रमाबाई म्हणायच्या.

याचं गिरिधररावांना नवल वाटलं नाही. ॲक्रिलिक ओला असताना फिका दिसतो आणि वाळला की गडद होतो, हे मीही पाहिलं होतं. ते पांढऱ्याचा थेंब टाकून पुन्हा थर द्यायचे. दुसऱ्या दिवशी रमाबाई म्हणायच्या, "अजून जरा." पुन्हा पांढरा. हातानं काम अन् तोंडानं गप्पा. त्या दिवसांत मी दोघांना जितकं हसताना ऐकलं, तितकं आधी कधी ऐकलं नव्हतं. दिवाळी गेली, संक्रांत गेली, डबा काही पुरा होईना.

शिमग्याच्या सुमारास मी बऱ्याच दिवसांनी त्यांच्याकडं गेलो. टेबलावरचा डबा बघून माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो गिरिधरराव, हा विटकरी कुठला? पांढराफटक झालाय की डबा. फटी पण बुजल्यात सगळ्या."

"वाळला की गडद होतो रंग," ते चिडून म्हणाले. "तुम्हाला न्हाई कळायचं." पण त्यांनी डबा उचलला आणि उजेडात धरून बघायला पायरीपर्यंत गेले. तिथं बराच वेळ तो फिरवून फिरवून बघत उभे राहिले. चप्पल नव्हती पायात, पावलं वाजली नाहीत.

रमाबाईंनी पदर सारखा केला, पुढं वाकल्या आणि टेबलाकडं बघत म्हणाल्या, "अहो, असू द्या आता. बराबर जमलाय. बिलकुल तोच रंग."

टेबलावर ओल्या फडक्याची ताटली होती, बाकी काही नव्हतं.

गिरिधरराव पायरीवरून तसेच बघत राहिले. मग हळूच आत आले आणि त्यांच्यासमोर बसले.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं. त्या प्रश्नासरशी रमाबाई दचकल्या. काय झालं ते त्यांच्या ध्यानात आलं.

"दिवाळीपासून," त्या म्हणाल्या. "खिडकीचा उजेड तेवढा कळतो."

"मंग सांगितलं का न्हाई? रोज गडद, गडद म्हणून..."

"झाला म्हटलं असतं, तर तुम्ही तो ठेवून दिला असता आणि मंग माझ्याकडं बघत बसला असता. रंगवून राह्यले होते तोवर तुम्हाला वाटायचं, हिला दिसतंय. मला बरं वाटायचं."

गिरिधररावांनी डबा मांडीवर घेतला. तो पुसायला म्हणून हात फिरवायला लागले, पण वाळलेला रंग काय पुसला जाणार. मला तिथं बसवेना. चहा नको म्हणालो आणि उठलो. फाटक लावताना डोळे भरून आले होते, कडी सापडेना. आत गिरिधरराव त्यांना डबा सांगत होते. दारं कशी आहेत, पायऱ्या किती खाली आल्यात, आणि रंग कसा अगदी विटकरी, भाजलेल्या विटेसारखा बसलाय. जन्मात एक सूत इकडचं तिकडं न सांगितलेला माणूस तो. आणि पांढराफटक हा शब्द आत्ताच कानांनी ऐकलेल्या रमाबाई "हो," म्हणत होत्या, "हो, अगदी तसाच होता."