दोन कानांची मशीन

आमच्या शेजारचा म्हातारा बायकोशी ओरडूनच बोलतो. तिला ऐकू येत नाही. त्यामुळे त्यांच्याकडे आज काय शिजलं, ते साऱ्या गल्लीला कळतं. माणूस वाईट नाही, पण हट्टी आहे. एक वांगं किडकं निघालं, तर अर्धा किलो परत करून येतो.

अकोल्याच्या दुकानात महाग पडते म्हणून त्यानं कानाची मशीन मोबाइलवरून परदेशातून मागवली. खोका चेपलेलाच आला. डाव्या कानाची फुटली होती, उजवी चालत होती. तेवढ्यावरही म्हातारी खूष होती. कुकरची शिट्टी झाली की हसायची.

त्यानं मात्र तक्रार केली. कंपनीनं कळवलं, पैसे परत देतो, माल परत पाठवू नका, दोन्ही मशीन फोडून फोटो पाठवा.

तो माझ्याकडे वरवंटा मागायला आला.

"भाऊ, एका कानानं तरी ऐकून राहिली ना बिचारी. राहू द्या."

"एका कानासाठी दोन कानांचे पैसे कावून देऊ, वैनी?"

"तिले विचारलं काय?"

"तिले काय विचारायचं?"

मी वरवंटा दिला नाही. त्यानं वीट घेतली. म्हातारीनं मशीन स्वतःच कानातून काढून दिली. तिला वाटलं, सेल बदलतो.

पैसे परत आले. नवी मशीन आली नाही. म्हातारी अजून उजव्या कानाला हात लावून त्याच्याकडे पाहते. "येऊन राहिली, येऊन राहिली!" तो ओरडतो, आणि ते साऱ्या गल्लीला ऐकू येतं.