आत्याचं उलटं झाड

आमची रोह्याची आत्या वर्षभर मुंगीलाही दुखवायची नाही. डिसेंबर उजाडला की मात्र कंबर कसून भांडायला तयार! कारण काय, तर नाताळचं झाड. अहो, साऱ्या जगाचं नाताळचं झाड शेंडा वर करून उभं राहतं. आमच्या ख्रिस्ती घरात ते आढ्याला टांगतात, शेंडा जमिनीकडे! सुरूची भलीमोठी फांदी, तिच्यावर कागदी चांदण्या आणि पेणचे पोह्याचे पापड. ही सजावट आम्ही दुसऱ्या दिवशी तळून खातो.

हे उलटं टांगणं कसं सुरू झालं, यावरून आत्याचं आणि तिच्या धाकट्या भावाचं, म्हणजे आमच्या पेणच्या काकाचं, कधी जमलं नाही. काका गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करायचा. नाताळच्या आदल्या दिवशी पापडांचा पुडा घेऊन यायचा आणि चपला काढायच्या आत काडी टाकायचा, "काय ताये, शेळी बरी हाय ना तुझी?"

आत्याचं म्हणणं असं, की पहिल्या वर्षी झाड सरळच उभं केलं होतं. ते शेळीनं पापडांसकट फस्त केलं, म्हणून त्यांच्या बाबांनी डोकं लढवून पुढच्या वर्षी वर टांगलं. काका म्हणायचा, "कसली शेळी नि कसलं काय! बाबानं असलं झाड कधी बघितलंच नव्हतं. पांढऱ्या कांद्याची माळ टांगतात तसं टांगलं, मुंडी खाली."

"माझ्या बाबाला येडा म्हणतोस?" आत्या भडकायची. आम्हा पोरांची नुसती चंगळ! दोघं तावातावानं भांडायची आणि भांडता भांडताच एका सुंभाला दोघं मिळून ओढत झाड वर चढवायची.

यंदा गणपतीचा हंगाम संपला आणि काका गेला. डिसेंबर आला तरी आत्या गप्प. मी सुरूची फांदी नेली तर म्हणाली, "नको गो. भांडायला कोण हाय आता?" आत्यानं हात आखडला तर आमचं झाड कायमचं संपलं, हे दिसतच होतं. मी हट्टानं सुंभ तिच्या हातात कोंबला, मागून मीही धरला. तेवढ्यात माझ्या लेकीनं विचारलंच, "आत्याआजी, हे उलटं का?"

आत्या फांदीकडे बघत हळूच म्हणाली, "माझ्या बाबाला कांद्याच्या माळंशिवाय दुसरं काय टांगता येत नव्हतं. तसंच टांगलं त्यानं."

काकाची बाजू, आत्याच्या तोंडून! मला रडूच येत होतं. पण मी गप्प बसले असते तर भांडणही काकाबरोबर गेलं असतं. मी ओरडले, "काहीतरीच काय आत्या! शेळीनं खाल्लं होतं झाड!"

आत्या गर्रकन वळली. "तू बघायला होतीस व्हय गो तेव्हा?" ती कडाडली आणि सुंभाला असा हिसका दिला की झाड थेट आढ्याला!