बंद मिलचा भोंगा

ती घटना मी विसरलेलो नाही, आणि विसरायचा विचारही नाही. नव्वदीच्या दशकाची सुरुवात होती. इंदूरच्या मिल एरियातल्या एका ठाण्याचा मी टीआय, म्हणजे ठाणेदार होतो. माझे वडील अशाच एका मिलच्या लूम खात्यात होते. घरात बी.ए. झालेला पहिला मीच. हे सांगायला मी तेव्हाही लाजत नव्हतो, आजही लाजत नाही.

डिसेंबरातली सकाळ. ठाण्यात हजेरी चालली होती आणि भोंगा वाजला. शिपाई रांगेतच एकमेकांकडे बघायला लागले, कारण ज्या मिलचा तो भोंगा, ती बंद पडून वर्ष उलटलं होतं. मी जीप काढली. गेटवरचं सील जसंच्या तसं होतं आणि समोर चाळीच्या चाळी लोटल्या होत्या. कित्येकांच्या हातात डबे. मिल चालू झाली असं समजून बायकांनी घाईघाईत भरून दिलेले. तेवढ्यात गर्दीतून कोणी तरी म्हणालं, "अरे भिया, आज तारीख कोणती?" डोक्यावरच्या टोप्या उतरल्या.

ही तारीख मलाही माहीत होती. एकाहत्तरच्या लढाईत याच चाळीतला एक मुलगा विमानासकट गेला. हवाई दलात अफसर झालेला, वयाची पंचविशीही न गाठलेला. विमान सीमेपलीकडे पडलं, देह आला नाही. वडील मिलच्या बॉयलरवर कामाला होते. तार त्यांना तिथेच मिळाली. त्यांनी भोंग्याची साखळी ओढली ती सोडेचनात. तेव्हाचे मॅनेजर भले होते. पुढे दर वर्षी त्या दिवशी त्यांनी भोंगा वाजवू दिला. वडील वारल्यावर दुसऱ्यांनी साखळी ओढली. मिल बंद पडली, आणि एक वर्ष सुनं गेलं.

दुपारी मिलचे सुरक्षा अधिकारी फिर्याद घेऊन आले. सील असलेल्या आवारात कोणी घुसलं, बॉयलर पेटवला, भोंगा वाजवून मजुरांना भडकवलं. मागोमाग वरून फोन. मिलची जमीन बघायला खरेदीदार पार्टी येणार होती.

"शाम तक दो-चार को अंदर करो. पढ़े-लिखे हो, समझा करो."

"पढ़ा-लिखा हूँ सर, इसलिए पहले मौका देखूँगा," मी म्हणालो.

घटनास्थळ पाहिलं. बॉयलर गार, तोंडाशी कोळ्याची जाळी. छपरावर जायला लोखंडी शिडी होती. सुरक्षा अधिकारी खालूनच म्हणाले, "है जी, ऊपर ही है." मी हेडसाहेबांना, म्हणजे आमच्या हेड कॉन्स्टेबलना, घेऊन चढलो. वर भोंगा नव्हता. नुसता पाइप, त्याच्या तोंडात लाकडी खुंटी ठोकलेली आणि खुंटीवर धुळीचा थर. नट व्यवस्थित पान्याने काढलेले. म्हणजे भोंगा कधीचाच उतरला होता. खाली येऊन मी काही बोललो नाही. तपासात जीभ आवरणं हे अर्धं काम असतं.

चौकशीला चाळीतली माणसं बोलावली. पहिला म्हणाला, "मी वाजवला." दुसरा म्हणाला, "तो झूठ बोलतोय, मी वाजवला." मग दारात रांगच लागली.

एका दात पडलेल्या म्हाताऱ्याला विचारलं, "कसा वाजवला, बाबा?"

"तोंडाने! वाजवून दाखवू?"

हेडसाहेब तोंड फिरवून हसले. खोटं बोलणारा माणूस डोळे चुकवतो. हे सगळे माझ्या डोळ्यांत बघून खोटं बोलत होते.

खबर मिळाली ती ठाण्यासमोरच्या पोहेवाल्याकडून. "साहेब, आज टायर रिमोल्डिंगवाल्याचं शटर खाली होतं, पण धुराडं जोरात चालू होतं." आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी भोंग्यावर वाढलेला माणूस. आवाज तोच होता, पण दम कमी होता. टायर रिमोल्डिंगलाही वाफ लागते, पण तिथला बॉयलर लहान असतो.

दुकान मिलच्या भिंतीला लागूनच. मालक मिलचाच जुना फिटर. शटर वर केलं. भोंगा बॉयलरवर बसवलेला, चकचकीत पुसलेला. शेजारी स्टुलावर त्या अफसराची आई.

फिटर म्हणाला, "टाळं लागलं त्या दिवशी मीच काढला. भंगारात जाणार होता. चला साहेब, मला न्या."

काकू उठल्या. "त्याला कशाला? साखळी मी ओढली. आधी माझं नाव लिहा."

"काकू, हा चोरीचा मामला होतो."

"माझ्या घरी अस्थी आल्या नाहीत. दिल्लीला शहिदांची ज्योत जळते म्हणतात, तिथे मला कोण नेतंय? तो गेल्याचं अख्ख्या एरियाला या आवाजाने कळलं. आता मिल बंद पडली, म्हणून त्याचं जाणं कमी झालं का हो?"

मी पंच बोलावले. पंचनामा करून भोंगा जप्त केला, ठाण्यात आणला आणि सुरक्षा अधिकाऱ्यांना बोलावलं.

"ओळखा. हा तुमच्या मिलचा आहे?"

ते "हो" म्हणणारच होते. मी हळूच विचारलं, "सील लावताना सगळा माल जागेवर असल्याची सही तुमचीच ना? आणि मघाशी भोंगा वरच आहे म्हणालात?"

त्यांनी भोंगा फिरवून पाहिला. मग म्हणाले, "नहीं जी. अपना नहीं है."

"बयानात लिहू?"

"लिख लो."

लिहिलं. घुसखोरी झालीच नव्हती, तेव्हा अटक कोणालाच नाही. राहिला बेवारस मुद्देमाल. न्यायालयाने दावेदार मागवले. एकच अर्ज आला, काकूंचा. भोंगा त्यांच्या सुपुर्दगीत, म्हणजे सांभाळायला ताब्यात, दिला गेला. सुपुर्दनाम्यात नेहमीचीच अट होती: माल चालू हालतीत ठेवीन आणि न्यायालय मागेल तेव्हा हजर करीन. अट वाचून काकू म्हणाल्या, "चालू आहे की नाही ते वाजवल्याशिवाय कसं कळणार?" मी म्हणालो, "वर्षातून एकदा तपासायला कायद्याची हरकत नाही."

महिन्याभरात माझी इंदूरबाहेर, बेटम्याला बदली झाली. का झाली ते मला ठाऊक होतं. मी रद्द करायला कोणाच्या दारी गेलो नाही. या केसने मला एवढं शिकवलं, की वरून फोन आला तरी आधी शिडी चढून बघावं. आणि फिर्यादीलाही तेवढेच प्रश्न विचारावेत, जेवढे आपण गरिबाला विचारतो.

पुढच्या डिसेंबरात बेटम्याच्या ठाण्यात फोन वाजला. टायरच्या दुकानाशेजारच्या पीसीओवरून काकू बोलत होत्या.

"टीआय साहेब, माल चालू हालतीत आहे. ऐका."

मी उठून उभा राहिलो आणि टोपी काढली. या वेळी दम कमी नव्हता. फिटरने बॉयलर मोठा घेतला होता.