उलटा विसार

देवगडच्या वाटेवर गडग्यापाशी एसटीची वाट बघताना तो मला रोज दिसायचा. गडग्याच्या आत, आपल्या आंबेबागेत, मोहोराखाली चटई टाकून इंग्रजी पुस्तक वाचत असायचा. शेअरबाजारातल्या ऑप्शनचं, म्हणजे थोडे पैसे भरून पुढचा भाव आजच बांधून घ्यायच्या सौद्याचं पुस्तक, असं त्यानंच एकदा सांगितलं. मोहोर गळून पानावर पडायचा. तो फुंकर मारून पुढं वाचायचा.

एका माघात व्यापारी आला. आमच्याकडे मोहोर बघूनच बागेचा दर ठरतो आणि व्यापारी विसार देतो. या बागायतदारानं मात्र स्वतःच नोटा पुढे केल्या.

"दर आज ठरवया. मे महिन्यात भाव पडलो तर ह्याच दरान आंबो तुमी घेवक व्हयो. चढलो तर मी भायर इकतलंय, विसार तुमचो."

बागायतदाराकडून विसार घ्यायचा, हे व्यापाऱ्याला काही केल्या पटेना. "लोक हसतले माका," म्हणत तो उठला.

"तो आंब्याचो विसार नाय ओ," हा हलकेच म्हणाला. "माझ्या झोपेचो."

मग पुस्तक तोंडावर घेऊन तो आडवा झाला. वर मळभ दाटलं होतं. माझी गाडी येईपर्यंत त्याच्या पायाचे अंगठे हलत होते.