फुटलेलं आळं

बंगळुराजवळच्या येलहंक्यातल्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून जन्म गेला, तरी पुरुषोत्तमअण्णांच्या अंगातला कृष्णाकाठचा उसाचा मळा काही निघाला नाही. माणूस समोर आला की अण्णा आधी त्याच्या हाताकडं बघायचे, तोंडाकडं मागनं. भाजीवालीनं एखादं लिंबू फुकट टाकलं, तर घरी येऊन तेवढंच लिंबू आधी कापून बघायचे.

रिटायर झाल्यावर त्यांनी कुंपणालगत जुनिपर लावला. झाड म्हणायचं, पण वर जायचं नाव नाही. जमिनीला पोट लावून सरपटत पसरतं, बारा महिने हिरवं. पान चुरगळलं की टर्पेंटाइनसारखा वास. बघता बघता त्यानं बाजल्याएवढी जागा धरली.

पलीकडं उमाकांत राहायचा, मूळचा चामराजपेटचा. पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच मराठी घरातला, बोलण्यात मधेच कन्नड टाकणारा. तो एकदा कुंपणावरनं म्हणाला, "अण्णा, स्वल्प एक फांदी द्या की. कुंडीत लावतो."

"उन्हाळ्यात फांदी मोडू नये."

पावसाळ्यात विचारलं, तर अण्णा म्हणाले, "पावसात कुजती."

"मग थंडीत?"

"थंडीत झाड झोपतं."

उमाकांत हसला. "सरी, बरंय. उठलं की सांगा."

ते हसणं अण्णांच्या डोक्यात रुतून बसलं.

पुढच्या उन्हाळ्यात अण्णांनी जुनिपरभोवती आळं केलं. मातीचा चांगला गोल बांध घातला आणि सकाळ-संध्याकाळ त्यात नळी सोडायला लागले. महिना गेला न गेला, तोच झाड पिवळं पडायला लागलं. तेही फक्त अण्णांच्या बाजूनं. उमाकांतच्या बाजूचं हिरवंगार. अण्णांनी वाळलेल्या फांद्या बुडाशी छाटल्या, जास्वंदीगत परत फुटतील म्हणून. एक डोळा फुटंल तर शपथ! नुसतं लाकूड उघडं पडलं.

"त्यानं कायतरी वतलंय," अण्णा बायकोला म्हणाले.

संध्या तांदूळ निवडत होती. "मग त्याच्या बाजूचं कसं जगलं?"

"तेच म्हणतो मी! सोताच्या डोळ्यापुढचं कोण मारंल?"

अण्णांनी पाणी आणखी वाढवलं. आणि दुसऱ्या दिवशी बघतात तर बांध फुटलेला. सगळं पाणी वाहून रस्त्यावर गेलेलं.

आता फुटलेला बांध म्हणजे अण्णांच्या गावात साधी गोष्ट नव्हती. तिथं पाटाच्या पाण्याच्या पाळ्या असायच्या. आपली पाळी चालू असताना कुणी वरच्या अंगाला दारं, म्हणजे पाटाच्या बांधाचं तोंड, फोडलं, की आपलं पाणी त्याच्या उसात. त्यापायी अण्णांच्या बापानं सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं, ते मरेपर्यंत. बांध आपोआप फुटत नाही, त्याला हात लागतो, हे अण्णांना चड्डीत असल्यापासनं ठाऊक.

त्यांनी बांध पुन्हा घातला, जास्त उंच. पुन्हा फुटला.

"काय अण्णा, झाडाला बरं नाही का?" उमाकांतनं विचारलं.

"तुला कसं कळलं?"

"दिसतंय की."

"एवढं बघत असतूस व्हय?"

उमाकांतनं पाठ फिरवली. पाठ फिरवली म्हणजे मनात खोट हाय, अण्णांनी ठरवलं.

त्या दिवशी दुपारी जेवल्यावर त्यांनी अंथरुणावर पडून झोपेचं सोंग घेतलं. घर शांत झालं तसे उठून खिडकीच्या पडद्याआड उभे राहिले. थोड्या वेळानं उमाकांत कुंपणाशी आला. इकडं-तिकडं बघितलं. वाकला, हात आत घातला. अण्णा तसेच अनवाणी धावले.

"दारं फोडतूस व्हय रं माझं?"

सगळी गल्ली दारात आली. उमाकांत ताठ झाला. त्याच्या हातात दोरीवरनं उडालेला टॉवेल होता. "मी काय फोडू, अण्णा? ते आधीच फुटलंय. बघा की."

खरंच. बांध फुटलेला, पाणी वाहून गेलेलं. मागच्या नळावरनं संध्या आली. हातात चिखलाचं खुरपं.

"त्यांना कशाला वरडताय? मी फोडलंय. रोज तुमचा डोळा लागला की मीच फोडते."

"तू?"

"नाक हाय का न्हाई तुम्हाला? मातीला गटारीगत वास मारतोय. ह्यो काय ऊस हाय पाणी पाजत बसायला? त्यांच्या बाजूला उतार हाय, पाणी थांबत न्हाई, म्हणून तिकडचं जगलं."

"मग सांगायला तोंड नव्हतं?"

"दोनदा सांगितलं. तुम्ही म्हणाला, तुला कुणी पढवलं? त्यानं?"

गल्ली हसली. उमाकांत मात्र हसला नाही, टॉवेल झटकून आत गेला.

अण्णांनी माती उकरली. मुळं काळी पडलेली, बोटानं दाबली की सालपट हातात. त्यांनी आळं मोडलं, मातीत भरड वाळू मिसळली आणि नळी गुंडाळून खिळ्याला अडकवली. थंडी पडल्यावर उमाकांतच्या बाजूची एक फांदी कापून ते त्याच्या दारात गेले.

"झाड उठलं वाटतं?" उमाकांत म्हणाला. फांदी घेतली आणि त्यांच्यासमोरच नखानं साल खरवडून बघितली. आत हिरवी होती.

अण्णांना राग आला नाही. त्यांनीही तसंच केलं असतं.

उघडं लाकूड अजून उघडंच आहे. उमाकांतच्या बाजूची एक फांदी मात्र त्यावर सरकायला लागलीय. अण्णा रोज सकाळी तिच्याखालची माती चाचपतात. ओली लागली, की पाणी कुणी घातलं म्हणून आधी संध्याच्या हाताकडं बघतात.